पुण्याच्या बीअरमध्ये आमचं कोकम, आणि आमचे बोंडू मात्र झाडाखाली

माझा आतेभाऊ पुण्यात बीअर बनवतो. नोकरीच आहे त्याची ती, एका मायक्रोब्रुअरीत (जागेवरच बीअर बनवून विकणारी छोटी ब्रुअरी), सकाळी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दळण्यापासून रात्री पाइप धुवून काढण्यापर्यंत सगळं करतो. सुरुवातीला गावात कोणी विचारलं की आत्या 'फूड कंपनीत आसा' एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. आता चतुर्थीला घर भरलेलं असताना तीच सांगते, आमचो झील बीअर करता, आणि चांगली करता. आत्याच्या बोलण्यातला हा बदल मला खूप मोठा वाटतो. पुण्यात गेल्या पंधरा वर्षांत पब वाढले हे तर सगळ्यांना दिसतं, पण त्याच्याबरोबर बनवणाऱ्या माणसाला मान मिळाला, लोक विचारायला लागले की ही कोणी बनवली, ह्यात काय घातलंय. आणि हे आमच्याकडे सिंधुदुर्गात व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून आज बसून लिहितेय.

पुण्याचं आधी थोडं सांगते. २००९ मध्ये कोरिंथियन्स हॉटेलात डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, ओलिव्हर शाउफ नावाचा जर्मन ब्रुअर होता. तोपर्यंत आपल्याकडे बीअर म्हणजे हिरवी नाहीतर तपकिरी बाटली, बर्फासारखी गार, आणि चव सगळ्यांची जवळपास एकच. इथे एकदम गव्हाची गढूळ बीअर आली जिला केळ्याचा नि लवंगेचा वास येतो (केळं नसतं त्यात आणि लवंगही नसते, तो वास यीस्टच तयार करतं), आणि सफरचंदाची सायडर (रस आंबवून केलेलं हलकं पेय) आली. मी तेव्हा पुण्यात नोकरी करायचे, आमच्या ऑफिसातल्या ज्या मुली बीअरच्या वासानेच नाक मुरडायच्या त्यासुद्धा सायडर मागवायच्या. मग २०१४ च्या सुमारास मुंढव्यात इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिंगट आली, ग्रेट स्टेट एलवर्क्स आली, बंगळुरूची टॉइटसुद्धा पुण्यात आली, आणि २०१८ च्या आसपास मूनशाइन मीडरीने चक्क मध आंबवून मीड विकायला काढलं. एका शहरात एवढं सगळं.

हे का झालं ह्याचं मी दादाला विचारलं होतं (आतेभावाला मी दादाच म्हणते). त्याचं उत्तर सोपं होतं. सरकारने छोट्या माणसाला परवाना दिला की बाबा तू इथेच बनव आणि इथेच ताजी विक. मोठ्या कारखान्याची बीअर पाश्चराइज करून बाटलीत भरतात, ती महिनोनमहिने टिकते, दुकानात कुठेही ठेवा. मायक्रोब्रुअरीची बीअर जिवंत असते, टाकीतून थेट ग्लासात, उन्हात दोन दिवस राहिली तर मेली. म्हणजे ती लांब जाऊच शकत नाही, लोकांनाच तिच्यापर्यंत यावं लागतं, आणि लोक आले की समोर टाक्या दिसतात, माणूस दिसतो, बोलणं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं ठप्प झालं तेव्हा राज्याने ताजी बीअर ग्राउलरमध्ये (झाकणाच्या मोठ्या बाटलीत) भरून घरी न्यायला परवानगी दिली, तेवढ्यावर अनेकांनी ते दिवस काढले असं दादा सांगतो. कायद्यातली छोटीशी एक ओळ बदलली की किती घरं चालतात बघा.

आता कोकमाकडे येते, कारण ह्या सगळ्यात मी पडले ती कोकमामुळे.

मी पुण्याची नोकरी सोडून वेंगुर्ल्याजवळ आमच्या गावी परत आले, आता आमचा बचत गट आहे, आम्ही कोकमाचं आगळ (खारवलेला रस), आमसुलं, सरबत असं करतो. एका मे महिन्यात दादा आला होता, आमच्या पडवीत आगळाची पिंपं भरलेली, म्हणाला, बाय, वायच आगळ दी गे. मला वाटलं सोलकढी हवी असेल. त्याने खिशातून ते रसातली साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर काढलं, काचेवर एक थेंब टाकला, दिव्याकडे धरून बघितलं, मग बोटाने चाटून बराच वेळ गप्प बसला. मग विचारतो, मीठ किती घालता? आता मीठ आम्ही अंदाजाने घालतो, कोकमाची सालं आणि मीठ थरावर थर, रोज ढवळायचं, मग जो रस सुटतो तो आगळ, आज्जीपासून असंच. तो म्हणाला जर्मनीत लाइपझिगकडे गोझ नावाची बीअर करतात, आंबट आणि वर खारट, त्यात मुद्दाम मीठ घालावं लागतं आणि आंबटपणासाठी दह्याच्या विरजणाच्या जातीचे जीवाणू वापरावे लागतात, आणि तुमच्या ह्या पिंपात दोन्ही आयतं तयार आहे, रंगासकट!

पण लगेच ओतून चालत नाही. एवढ्या मिठात यीस्ट नीट काम करत नाही, म्हणून आधी बीअर पूर्ण आंबू द्यायची, यीस्टचं काम संपलं की मग मोजून आगळ घालायचं. शिवाय कोकमाचा तो सुंदर लालगुलाबी रंग उजेडात आणि उष्णतेत फिका पडतो, त्यामुळे टाकी थंड पाहिजे. पुढे त्याने आमचं आगळ नेऊन छोटी बॅच केली आणि मी पुण्याला गेले होते तेव्हा प्यायले. पहिला घोट जिभेच्या कडांना आंबट, मग घशात जाताना खारट, आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, तो कोकमाचा जरा तुरट लाकडी वास जो फक्त ओल्या सालीला येतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. आमच्या परसातली चव पुण्यातल्या लोकांनी तीनेकशे रुपये देऊन मागवली होती आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी वेटरला विचारत होती की हे कोकम कुठलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय टॅग (त्या भागाच्या मालाला मिळणारा भौगोलिक मानांकनाचा शिक्का) आहे, पण टॅगने जे होत नाही ते त्या प्रश्नाने होतं असं मला तेव्हा वाटलं.

आता बोंडू. इथे मात्र जीव तुटतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, काजूची बी ज्या फळाच्या टोकाला लटकते ते फळ म्हणजे बोंडू. ढोबळमानाने बीच्या सात-आठ पट वजन बोंडवाचं असतं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र जगप्रसिद्ध आहे, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ह्या जाती इथल्याच, पण सगळं लक्ष बीकडे, बी केवढी, झाडाला किती. बी पिरगळून घ्यायची आणि बोंडू तिथेच टाकायचा. फेब्रुवारी ते मे कुठल्याही काजूच्या बागेत जा, झाडाखाली लाल-पिवळा खच आणि त्यावर माशा, आंबूस वास पार रस्त्यापर्यंत येतो. आमच्या शेजारचे आबा म्हणतात, आमच्या वेळेक गुरांपुढे तरी टाकूचे, आता गुरांय नाय आणि टाकणारोय नाय. व्हिटॅमिन सी संत्र्याच्या कितीतरी पट, आणि आपण ते कुजू देतो.

आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की तोच बोंडू सोनं होतो. गोव्यात तो कोळंबीत (बोंडू तुडवायच्या कुंडात) तुडवतात, रस आंबवतात, भाटीवर (दारू गाळायच्या भट्टीवर) पहिल्या धारेचा हुर्राक काढतात, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, बेचाळीस टक्के अल्कोहोलच्या आसपास. २००९ मध्ये काजू फेणीला जीआय मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय म्हणून मान दिला. आमच्या दोडामार्ग-बांदा भागातला बोंडू गाड्या भरभरून तिकडे जातो, तिकडे त्याची किंमत होते. क्राफ्ट बीअरचंही तेच, दोडामार्गापासून जवळच डिचोली तालुक्यात लाटंबार्से आहे, तिथल्या ब्रुअरीची माका दी बीअर आता पार मुंबई-पुण्यात मिळते. माती तीच, पाऊस तोच, माणसं एकमेकांच्या नात्यातली, आणि मध्ये फक्त एक नाका.

गोव्याशी माझं भांडण नाही, उलट त्यांनी आपल्या वस्तूची लाज नाही वाटून घेतली हे मला फार आवडतं. आणि फेणी म्हणायचा हक्क त्यांचाच, तो जीआयने त्यांना दिलाय. पण आपण फेणीच का करायची? माझं म्हणणं असं आहे की बोंडवाची सायडर करावी. रसात साखर साधारण दहा-बारा ब्रिक्स (शंभर ग्रॅममध्ये दहा-बारा ग्रॅम) असते, बीअरच्या वर्टमध्येही (न आंबवलेल्या माल्टच्या गोड पाण्यात) तेवढीच असते, म्हणजे सरळ आंबवला तर पाचेक टक्क्यांचं हलकं पेय तयार होतं, भाटी नको की काही नको. पुण्यातल्या त्या मुली सफरचंदाची सायडर पीत होत्या ना, तसंच.

अडचण एक, बोंडू घशाला लागतो. त्यातल्या टॅनिनमुळे खवखव होते, म्हणून लहानपणी मीठ लावून खायचो. त्याच्यावर उपाय आमच्या गटातल्या बायकांना पाठ आहे, सरबतासाठी आम्ही तो करतोच. साबुदाणा थोड्या पाण्यात शिजवून पातळ खळ करायची, गार झाली की रसात घालून ढवळायची आणि भांडं हलवायचं नाही. तासाभरात बघा, रस फाटल्यासारखा दिसायला लागतो, पांढरट तंतू होतात, ते जड होऊन खाली बसतात आणि वर नितळ सोनेरी रस राहतो. तो पिऊन बघा, खवखव गेलेली असते पण बोंडवाचा वास सगळा शाबूत. काही जणी तांदळाची पेज घालतात, तीही चालते पण रस जरा पांढुरका राहतो, मला साबुदाणाच बरा वाटतो.

ह्याच्या पुढे मात्र आम्ही जाऊ शकत नाही. तोच रस घरी आंबवून ठेवला तर तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा, आणि तो मी करणार नाही, गटातल्या बायकांना पोलिसांच्या दारात उभं करायचं नाहीये मला. आमच्यातल्या दोघींनी घरात दारूपायी काय काय सोसलंय ते मला माहीत आहे. त्यांच्याशीच मी हे सगळ्यात आधी बोलले. एकीने सांगितलं, लपून करतात म्हणून ती वाईट असते, कोण काय घालता कोणाक दिसता? हे मला पटलं. मोजून, तपासून, नाव लावून, एकवीस वर्षांखालच्याला न देता विकायची वस्तू आणि रात्री पिशवीतून येणारी वस्तू ह्यांना एकाच मापाने मोजू नये.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात वाइनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली आणि नाशिकला वाइनचा धंदा कसा उभा राहिला ते आपण बघितलं. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहाच्या फुलांपासूनच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, म्हणजे मान दिला. पण दर्जा बदलून बचत गटाला डिस्टिलरी परवडत नाही हो. आम्हाला पाहिजे ते पुण्यासारखं, छोटी टाकी, छोटी फी, बागेतच बनवा आणि बागेतच येणाऱ्या पर्यटकाला ताजं द्या. मालवणला, तारकर्लीला, शिरोड्याला लोक येतात, मासे खातात आणि पितात मात्र बाहेरून आलेली बाटली. त्यांना आमच्या बागेत बसून बोंडवाची सायडर मिळाली तर ते दुसऱ्या दिवशी पण राहतील.

माडीचं पण असंच आहे पण तो विषय मोठा आहे, एवढंच सांगते की माडावर चढणारे आमच्या गावात आता म्हातारे झालेत आणि त्यांची मुलं मुंबईला आहेत. सकाळी काढलेली माडी दुपारपर्यंत आंबते, तिच्याएवढी ताजी, तिच्याएवढी स्थानिक गोष्ट कुठल्या क्राफ्ट ब्रुअरीत मिळेल? त्याच्यावर सवडीने वेगळं लिहीन.

येत्या सीझनला आम्ही जे करणार आहोत ते कायद्यात बसणारं आहे. बोंडू झाडाखालचा वेचायचा नाही, झाडावरून काढायचा, कारण पडलेला काही तासांतच आंबायला लागतो. वेंगुर्ला-४ चा वेगळा, वेंगुर्ला-७ चा वेगळा, आणि आबांच्या बागेतली जुनी गावठी झाडं आहेत त्यांचा वेगळा. प्रत्येकाचा रस काढून, साबुदाण्याने नितळून, ब्रिक्स लिहून ठेवायचा, आणि गोठवून पुण्याला दादाकडे. त्यांच्या मालकांनी परवान्यात बसेल तशी एक बॅच लावायचं कबूल केलंय, गावठी बोंडवावर दादाचा जास्त भरवसा आहे कारण वास त्याला जास्त असतो.

राहता राहिला प्रश्न गाडीचा. पुण्यापर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या वर रस्ता, मे महिन्याचं ऊन, आणि रस गोठलेलाच पोचला पाहिजे. बंदरावरून मासळीच्या बर्फाच्या गाड्या रोज रात्री सुटतात, पण रसाला मासळीचा वास लागला तर सगळं फुकट. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ भागात कोणाकडे आंब्याच्या पल्पसाठी किंवा आइस्क्रीमसाठी चालणारी फ्रीझर गाडी असेल आणि परतीच्या फेरीत जागा रिकामी जात असेल, तर मला जरूर कळवा, भाडं देऊ, आणि मार्चच्या आत कळवा कारण बोंडू कोणासाठी थांबत नाही.