पडलं ते दान: तीन महिन्यांची खेळनोंद

आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पुढे नेलेली लांब गोष्ट, तीन महिने थांबलं होतं. पाचांतल्या दोघांना शनिवारी वेळच निघत नव्हता, आणि अर्धी पार्टी घेऊन कथा पुढे रेटायची नाही हे आम्ही पहिल्याच वर्षी ठरवलेलं. मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा. पडदा, नकाशे, फासे सगळं कपाटात गेलं आणि शनिवारी संध्याकाळी करमेना. मग ठरवलं की या तीन महिन्यांत टेबलावरच्या खेळाशी रक्ताचं नातं असलेले व्हिडिओ गेम नीट, शेजारी वही ठेवून खेळायचे. नियम एकच घातला: पडलं ते दान. रोल, म्हणजे एखादं काम जमलं की नाही हे ठरवणारा फासा, फसला म्हणून जुना सेव्ह (जपून ठेवलेली आधीची खेळी) उघडायचा नाही.

नियमामागचं कारण तुम्हाला लगेच कळेल. टेबलावर चोरी फसली, पहारेकरी जागे झाले, की त्या सेशनचा सगळ्यात रंगलेला अर्धा तास तिथूनच सुरू होतो. "थांबा, दारापासून पुन्हा खेळू," असं कुणी म्हणत नाही. संगणकासमोर मात्र मी वर्षानुवर्षं हेच करत आलो: सेव्ह, रोल, फसला, लोड. मला बघायचं होतं की फसलेल्या रोलचं कुठला गेम काय करतो. बाकी ग्राफिक्स, लढाया, लांबी यांच्या नोंदी मी ठेवल्याच नाहीत.

आठवडा १ ते ४: बाल्डर्स गेट ३

हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला तेव्हा मी तो एकदा संपवला होता, पण प्रत्येक संवादाआधी सेव्ह करत. यावेळी ऑनर मोड घेतला. नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमध्ये (गेमच्या सुधारणेत) आलेला हा मोड एकच सेव्ह ठेवतो आणि तोही गेम स्वतःच लिहीत राहतो, त्यामुळे मोहाला जागाच नाही. सेटिंगमधले कार्मिक डाइसही बंद केले. ते चालू असले की लागोपाठ वाईट किंवा लागोपाठ चांगली दानं पडू नयेत याची गेम आतून काळजी घेतो. मला कोरडा, निर्दय फासा हवा होता.

तो पहिल्याच आठवड्यात मिळाला. एमराल्ड ग्रोव्ह या वस्तीत कागा नावाची ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) एका लहानग्या टीफलिंग (शिंगं असलेल्या वंशाच्या) मुलीला, अराबेलाला, समोर साप ठेवून अडवून धरते. मूर्ती चोरली हा त्या पोरीचा गुन्हा. माझा बार्ड (गाण्याबोलण्यातून जादू करणारं पात्र) बोलण्यात पटाईत, वर गायडन्स या मदतीच्या मंत्राचा चार बाजूंचा फासा जोडीला. पडद्यावर वीस बाजूंचा फासा गरगरला आणि २ वर थांबला. गायडन्सचा आला १. बेरीज पुरली नाही, आणि रोल पुन्हा करायला लागणारं इन्स्पिरेशन मी आदल्याच दिवशी एका कुलपावर उधळलेलं. पोरगी घाबरून पळाली, साप डसला.

मी माउसवरून हात काढून घेतला. त्यानंतर तिच्या आईबापासमोर उभं राहावं लागलं. आधीच्या खेळीत हीच अराबेला मला दुसऱ्या अंकात पुन्हा भेटली होती, तिची स्वतःची एक गोष्ट तिथे होती. ती वाट आता बंद. पण गेम कुठे अडखळला नाही. लोकांचे संवाद बदलले, ग्रोव्हमधली हवा बदलली. शंभर तास खेळूनही पहिल्या वेळी हे दृश्य माझ्या वाट्याला आलं नव्हतं, कारण मी ते येऊच दिलं नव्हतं.

दोन गोष्टी खटकल्या, त्या डीएम मंडळींसाठी नोंदवतो. पहिली: इथे कौशल्याच्या रोलवरही १ पडला की हमखास अपयश आणि २० पडला की हमखास यश. हा गेम ज्यावर बेतलाय त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमपुस्तकात हा नियम हल्ल्याच्या रोलपुरता आहे. कुलूप उघडण्यात हयात घालवलेला रॉग (चोरपात्र) साध्या पेटीवर वीसात एकदा तोंडघशी पडतो, हे मला पटत नाही. टेबलावर हा घरचा नियम लावणारे बरेच आहेत, त्यांना विचार करायला सांगेन. दुसरी: परसेप्शनचा, म्हणजे दडलेलं हेरण्याचा, रोल फसला की पात्रांच्या डोक्यावर तशी खूण उमटते. मग इथे काहीतरी दडलेलं आहे हे कळायचं ते कळतंच. डीएम पडद्याआड फासा टाकतो तो याच कारणासाठी.

खेळी संपली ग्रिमफोर्जच्या भट्टीत, ग्रिम या धातूच्या राक्षसासमोर. लाव्हाने तापल्याशिवाय त्याला इजा होत नाही, आणि झडप फिरवायला पाठवलेलं माझं पात्र वाटेतच आडवं झालं. तिथून दोन फेऱ्यांत सगळे गेले. ऑनर मोडचा शिक्का सोडून तीच खेळी पुढे चालू ठेवायचा पर्याय गेम देतो. मी तो घेतला नाही.

आठवडा ५ आणि ६: सोलास्टा, मग थोडं किंगमेकर

सोलास्टा हा २०२१ चा गेम नियमप्रेमींनी चुकवू नये. पाचव्या आवृत्तीचे खुले नियम त्याने इतक्या निष्ठेने पाळलेत की नवख्या खेळाडूला लढाई शिकवायची तर मी आधी हा गेम त्याच्या हातात देईन. मशाल धरली की तो हात अडकला, अंधारात निशाणा चुकतो, मंत्राला हात मोकळा लागतो. रेडी (योग्य क्षणासाठी सज्ज राहणं) आणि डॉज (वार चुकवणं) या दोन्ही कृती इथे आहेत, ज्या बाल्डर्स गेट ३ मध्ये नाहीत. चारही पात्रं आपणच घडवायची, अगदी सेशन शून्यासारखी, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या पात्रं घडवायच्या बैठकीसारखी. पण माझ्या प्रश्नापुरतं बोलायचं तर लढाईबाहेर फसलेल्या रोलला इथे फारसं वजन नाही. एक दार बंद झालं की दुसरं जवळच असतं.

पाथफाइंडर: किंगमेकर (२०१८) एक आठवडा खेळलो. राज्याच्या अडचणींवर सल्लागार नेमायचा, दिवस मोजायचे आणि मग त्याचा रोल बघायचा, ही रचना सुंदर आहे. पण एका आठवड्यात तिची खोली कळणार नाही, म्हणून यावर मत देत नाही. पुन्हा हातात घेईन तेव्हा त्याची वेगळी नोंद करेन.

आठवडा ७ ते ९: डिस्को एलिझियम

माझी वही इथे भरली.

२०१९ च्या या गेमचं जगच मुळात टेबलावर जन्मलेलं. ते घडवणारी एस्टोनियातली मंडळी गेम बनवायच्या कितीतरी आधीपासून आपसात त्याच जगात रोलप्ले करत होती. ते मुरलेपण वाक्यावाक्यात जाणवतं. लढाईची वेगळी यंत्रणा नाही, सगळं काही संवादातच घडतं. स्मृती गेलेला एक पोलीस, चोवीस कौशल्यं, आणि प्रत्येक कौशल्याला स्वतःचा आवाज. तुमच्याच डोक्यातली ही पात्रं तुमच्याशी वाद घालतात. मला तर हे कौशल्याच्या नावाने भरलेलं टेबलच वाटलं.

रोल दोन सहाबाजूंच्या फाशांचा. हा फरक बारीक वाटतो, पण खेळाची चव त्यानेच बदलते, म्हणून आकडे देतो. वीस बाजूंच्या फाशावर +१ चं मोल जिथे फरक पडतो तिथे सरसकट ५ टक्के. दोन फाशांवर तसं नाही. ८ किंवा जास्त हवे असतील तर छत्तीसातली १५ दानं उपयोगी, म्हणजे साधारण ४२ टक्के. कौशल्याचा एक गुण वाढला की ७ पुरतात आणि उपयोगी दानं होतात २१, म्हणजे ५८ टक्के. मधल्या पट्ट्यात एका गुणाने इतकी उडी मिळते, आणि टोकाला गेलो की तोच गुण जेमतेम हलवतो. त्यामुळे पात्राचा स्वभाव फाशातून जास्त स्पष्ट दिसतो. जे जमतं ते बहुतेक वेळा जमतं, जे जमत नाही ते बहुतेक वेळा नाहीच. दोन्ही सहा आले तर कायम यश, दोन्ही एक आले तर कायम अपयश. छत्तीसात एकेकदा.

शिवाय रोल दोन रंगांचे. पांढरा फसला तर कौशल्य वाढवून किंवा परिस्थिती बदलून पुन्हा करता येतो. लाल एकदाच. ही विभागणी मी तशीच्या तशी टेबलावर उचलणार आहे. फासा टाकण्याआधीच खेळाडूला सांगायचं, हा लाल आहे. हात थबकतो की नाही बघा.

आता तो प्रसंग. हॉटेलचं १३० रियालचं बिल थकलंय आणि व्यवस्थापक गार्ट समोर उभा. पैसे नाहीत. सावोआर फेअर हे चपळाईचं कौशल्य कानात कुजबुजतं, सटक. लाल रोल. मी टाकला, फसला. माझा पोलीस धावत सुटला, धावता धावता उडी मारून मागे वळला, दोन्ही हातांची मधली बोटं गार्टला दाखवली, आणि मागे काय आहे हे न बघता व्हीलचेअरवर बसलेल्या एका म्हातारबाईंवर जाऊन आदळला. तिथून सगळं शांत. सहकारी किम कित्सुरागी बघतोय.

इतकं सुंदर अपयश मी आजवर कुठल्याही गेममध्ये बघितलं नव्हतं. यश मिळालं असतं तर माणूस फक्त दाराबाहेर पडला असता. या फसलेल्या रोलने मला तो कोण आहे ते सांगितलं: स्वतःच्या रुबाबावर भाळलेला, आणि त्याच रुबाबापायी आपटणारा. त्यानंतर मी त्याच्यासाठी उत्तरं निवडायची पद्धतच बदलली. टेबलावर एखाद्या खेळाडूला आपलं पात्र तिसऱ्या-चौथ्या सेशनमध्ये अचानक सापडतं ना, अगदी तसं झालं.

एक सावधगिरीची सूचना, पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी. शारीरिक गुण अगदीच कमी ठेवले तर सुरुवातीच्या खोलीत दिवा लावण्यानेसुद्धा खेळ संपू शकतो. माझा एकदा तिथेच संपला. नव्याने पात्र केलं.

आठवडा १० आणि ११: सिटिझन स्लीपर

२०२२ चा छोटा गेम, आणि फासा वापरण्याची रीत पूर्ण उलटी. इथे आधी फासे पडतात, मग तुम्ही ठरवता कुठला कुठे लावायचा. एरलिन्स आय नावाच्या अंतराळस्थानकावर तुम्ही पळून आलेले स्लीपर, म्हणजे कृत्रिम शरीरात घातलेलं एका माणसाच्या मनाचं अनुकरण. रोज सकाळी जास्तीत जास्त पाच फासे मिळतात. शरीर खालावत जातं तसे ते कमी होतात. सहा लावला तर काम फत्ते, एक-दोन लावले तर नुकसानीची भीती.

तिसऱ्या संध्याकाळी माझ्यापुढे होते १, १, २. दोनच फासे गमावलेले, पण उरलेले असे. डॉकवर कामाला जावं तर इजा होणार. तेव्हा लक्षात आलं की स्थानकाच्या डेटाजाळ्यात शिरायला नेमका ठरावीक आकडाच लागतो, आणि एका गाठीला हवा होता १. सकाळी नकोसा वाटलेला फासा संध्याकाळी किल्ली झाला. रोल चांगला की वाईट हे आधीच ठरलेलं नसतं, तो कुठे लावला यावर ठरतं. डीएम म्हणून मी हे वाक्य अधोरेखित करून ठेवलंय.

दुसरी शिकवण घड्याळांची. प्रत्येक कामाला, प्रत्येक धोक्याला एक वर्तुळ, त्याचे भाग, आणि ते हळूहळू भरत जातं. ब्लेड्स इन द डार्क हा टेबलावरचा खेळ खेळलेल्यांना ही ओळखीची खूण. कोण मागावर आहे हे सांगायला गेमला एक ओळही लिहावी लागत नाही, एक भाग भरला की पोटात गोळा येतो.

आठवडा १२

वाइल्डरमिथ नुकताच सुरू केलाय. त्यात पात्र पडायला आलं की गेम थांबून विचारतो, वीरमरण की हात-पाय गमावून जगणं. माझी तिरंदाज एका हाताने परत आली. पुढच्या नोंदीत तिच्याबद्दलच लिहीन, कारण ती आता म्हातारी होत चाललीये.

दरम्यान गेल्या शनिवारी टेबल पुन्हा भरलं. कपाटातून पडदा काढला, आणि सगळ्यांना दिसेल असं एका कागदावर सहा भागांचं वर्तुळ काढलं. खाली लिहिलं, "वाडा जागा होतो." रॉग खेळणारी आमची मैत्रीण कोठाराच्या कुलपाशी आली. मी तिला म्हणालो, हा लाल आहे. तिने फासा मुठीत धरला, एकदा वर्तुळाकडे बघितलं, टाकला. ४.

तीन महिन्यांपूर्वी मी म्हणालो असतो, कुलूप उघडत नाही. यावेळी वर्तुळाचे दोन भाग भरले आणि म्हणालो, "कुलूप उघडतं. आत समई तेवतेय, आणि तिच्यापुढे कुणीतरी तुझ्याकडे तोंड करून बसलंय."

कुणी काही बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, "मी आत जाते आणि दार मागून लावून घेते."