आमच्या गल्लीची पातळी

सोमवार, रात्री

नागपूर मनपात पुन्हा नगरसेवक आले याचा मला मनापासून आनंद आहे. कोणत्या पक्षाचे किती आले, याच्याशी त्याचा संबंध नाही. 4 मार्च 2022 ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली. मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात रखडला, मे 2025 मध्ये न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि मतदान झालं ते 15 जानेवारी 2026 ला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता.

आमची मुलगी फेब्रुवारी 2017 च्या मनपा निवडणुकीनंतर महिनाभराने अठरा वर्षांची झाली. दिल्लीत कोणाला पाठवायचं आणि मुंबईत कोणाला, हे विचारायला लोक तिच्या दारात दोन-दोनदा येऊन गेले. नालीचं काय करायचं हे विचारायला पहिल्यांदा आले तेव्हा ती सव्वीस पूर्ण झाली होती. मतदान केंद्रातून बाहेर पडताना तिने विचारलं, "आई, चार-चार मतं कशाला द्यायची?" आपल्याकडे चार सदस्यांचा प्रभाग आहे, मुंबईत एकाचा असतो, हे मी तिला समजावून सांगितलं. 38 प्रभाग, 151 नगरसेवक. शेवटच्या प्रभागात तेवढे तीन, बाकी सगळीकडे चार.

आज हे सगळं लिहायला बसले कारण सकाळी गल्लीत लेव्हल घ्यायला माणसं आली होती.

आमच्या गल्लीचा सिमेंट रोड मंजूर झाला आहे. तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावून कनिष्ठ अभियंता बघत होते आणि एक पोरगा लाल-पांढरी पट्टी धरून घरापुढून घरापुढून सरकत होता. थोड्या वेळाने त्याने रंगाचा डबा काढला आणि समोरच्या काकाजींच्या कंपाउंडवर लाल आडवी रेघ ओढली. रोडची वरची पातळी इथे येणार. काकाजी बाहेर आले, रेघ पाहिली, मग आपल्या ओट्याकडे पाहिलं. रेघ ओट्याच्या चांगली वीतभर वर होती. त्यांनी हात लावून मोजलं, तेव्हा रंग ओला होता, तो बोटांना लागला.

"साहेब, हे पाणी मंग जाईन कुठं?" काकाजींनी विचारलं. "आमच्या घरातच येईन न."

अभियंता तरुण होते, आणि मला ते बरे वाटले. चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं की चौकातला मोठा रोड आधीच सिमेंटचा झाला आहे, त्याची पातळी आता बदलता येत नाही. गल्ली त्यापेक्षा फार खाली ठेवली तर मोठ्या रोडचं पाणी गल्लीत उतरेल. गल्ली खोल करायची म्हटली तर खोदकाम वाढतं, अंदाजपत्रक वाढतं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे खाली सांडपाण्याची गडर लाइन आहे, ती किती खोल आहे हे त्यांच्या कागदावर नाही. वर असली तर खोदताना फुटणार. म्हणून जुन्या डांबरावरच थर चढवायचा, असं ठरलं आहे.

सिमेंट रोडचा खरा प्रश्न इथेच आहे. डांबराचा थर पावसाळ्यात उखडतो, पुन्हा टाकतात, चूक झाली तर पुढच्या खेपेला सुधारता येते. सिमेंटचं तसं नाही. खाली कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर, वर आठ-दहा इंचांचं पक्कं काँक्रीट, पोती टाकून पाणी मारत पिकवलेलं. एकदा झालं की पंचवीस-तीस वर्षं कोणी हात लावत नाही. काकाजींचं घर आज जेवढं खाली ठरेल, तेवढंच खाली त्यांच्या नातवाच्या लग्नातही असेल. नागपुरात टप्प्याटप्प्याने सिमेंट रोड झाले आणि किती तरी वस्त्यांत लोकांना रोडवरून दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं. रोड चांगले आहेत, खड्डे नाहीत, हेही तितकंच खरं. पण पातळी ठरवताना घराचा ओटा मोजणं हे रोडच्या कामाचाच भाग आहे, उपकार नाही.

मग काकाजी जे बोलले त्यासाठी मी ही नोंद करते आहे. ते म्हणाले, "लाइन मी टाकतानी पाहिली आहे जी. माणूसभर खोल आहे इथं. नालीकडं तर अजून खाली गेली."

आमचा ले-आऊट आधी अनधिकृत होता. 572 आणि 1900 हे अशा ले-आऊटच्या दोन याद्यांचे आकडे नागपुरात कोणालाही सांगावे लागत नाहीत. गुंठेवारीचा 2001 चा कायदा आला, त्यातून नागपूर सुधार प्रन्यासने, म्हणजे नासुप्रने, हे ले-आऊट नियमित करायला घेतले, लोकांनी पैसे भरले, आरएल म्हणजे नियमित झाल्याचं पत्र मिळालं. मग हळूहळू गडर लाइन, नाली, रोड. आमच्याकडे लाइन पडली तेव्हा काकाजी नोकरीत होते आणि सुटी काढून खड्ड्याच्या काठावर उभे राहिले होते. आपण भरलेल्या पैशांची लाइन नीट पडते की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नंतर ले-आऊट मनपाकडे आला. त्या हस्तांतरणात कुठला नकाशा कुठे राहिला, देव जाणे.

नासुप्र 1936 च्या कायद्याने झाली, मनपा 1951 ची. एकाच शहरात प्लॉटचा कागद एकीकडे आणि नळाचं बिल दुसरीकडे, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. नासुप्र बरखास्त करायचं 2016 मध्ये मंत्रिमंडळात ठरलं होतं, पुढे तो निर्णय फिरला. मला यात कोणाची बाजू घ्यायची नाही. एवढंच वाटतं की दोन दप्तरांच्या मध्ये जी माहिती पडून राहते, ती वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात शाबूत असते, आणि त्यांना विचारायला कोणी येत नाही.

अभियंत्यांनी विचारलं. त्यांनी त्या पोराला चेंबरचं झाकण उघडायला लावलं. सब्बल घातली, दोघांनी जोर लावला तेव्हा ते सरकलं. आत पट्टी सोडली. पट्टी जात राहिली, जात राहिली. वर काढली तेव्हा ओल्या भागापासून वरपर्यंतचं माप त्यांनी वहीत लिहिलं आणि काकाजींना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." जुनं डांबर आणि खालची गिट्टी काढून मग रोड टाकला तरी लाइनला धक्का लागत नाही. चौकाच्या तोंडाशी उतार कसा द्यायचा ते बघावं लागेल, पण रेघ ओट्याच्या खाली आणता येईल.

आता अंदाजपत्रक बदलणार, आणि बदललेलं अंदाजपत्रक पुन्हा वर जाणार.

प्रशासकाच्या काळात काय होत होतं, ते मला इथे लिहून ठेवायचं आहे. एरवी प्रस्ताव खात्याकडून निघतो, सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे जातो, मोठा असेल तर सभागृहात येतो. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारू शकतं की हे का, एवढ्यालाच का, आमच्याकडे का नाही. त्या चार वर्षांत आयुक्त हेच प्रशासक होते. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, सभागृहाचेही त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारं कार्यालय आणि मंजूर करणारं कार्यालय एकच. कामं थांबली नाहीत, काही तर झपाट्याने झाली. मात्र महालच्या टाऊन हॉलमध्ये आमसभा भरायची तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कोणत्या विषयावर कोण उठलं, प्रशासनाने काय उत्तर दिलं, हे पानभर यायचं. वडील ते पेन्सिलीने खुणा करत वाचायचे. चार वर्षं ते पान आलं नाही. मंजूर झालेल्या कामाचा आकडा यायचा, त्यावर विचारलेला प्रश्न यायचा नाही, कारण विचारणारं कोणी नव्हतंच.

आणि न विचारण्याची किंमत पाणी वसूल करतं. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आम्ही कोणी विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव सांडव्यावरून उलटला, नाग नदीने काठ सोडला. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे घरात पाणी. मोरभवन बसस्थानकातल्या बसेस पाण्यात. माणसं गेली. माझी नणंद त्याच बाजूला राहते. तिच्या घरात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, आणि पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी मातकट रेघ राहिली ती खांद्याएवढी होती. पुढे सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा, नदीवरच्या बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. कुठला ओघ कुठून जातो, पूर्वी कुठे किती जागा मोकळी होती, हे तिथल्या जुन्या रहिवाशांना माहीत होतं. त्यांना ते न्यायालयात जाऊन सांगावं लागलं. आधी सांगायला जागा असती तर?

म्हणून आज काकाजींच्या भिंतीवरची लाल रेघ पाहिली तेव्हा मला नणंदेच्या भिंतीवरची रेघ आठवली, आणि पोटात गोळा आला.

कायद्यात ती जागा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून शहरांच्या कारभाराला घटनेचा आधार मिळाला, प्रभाग समित्या आल्या. आपल्याकडे दहा झोन आहेत, झोनला सभापती असतो. त्याच्याही खाली, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेचा पैसा हवा तर हे करा अशी केंद्राची अट होती म्हणून, 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभा आली. आपल्या भागातल्या मतदारांची सभा, गावात ग्रामसभा असते तशी. माझं सासर काटोल तालुक्यातलं. तिथे ग्रामसभेत बाया उठून हातपंपाचं विचारतात, सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. नागपुरात आल्यापासून क्षेत्रसभेची नोटीस आमच्या दारावर मी लागलेली पाहिली नाही.

मोठ्या कामांचं मला समजतं. मेट्रो महामेट्रोची, इंदोरा-दिघोरी पूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प केंद्र, राज्य आणि मनपा मिळून. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि आता मनपाच्या तिजोरीत मोठा भाग राज्याकडून येणाऱ्या जीएसटीच्या अनुदानाचा असतो. नगरसेवकाच्या हातात किती उरलं, असं लोक विचारतात. माझ्या मते जे उरलं तेच आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. नाली कुठल्या बाजूने वळते, चेंबर रोडच्या पातळीत येतो की खड्डा राहतो, कडुनिंबाच्या बुंध्याभोवती मोकळी माती सोडतात की सिमेंटचे गट्टू ठोकून मोकळे होतात, पथदिवा कोणाच्या दारापुढे लागतो. याचं उत्तर मुंबई-दिल्लीत नाही. ते इथेच, या गल्लीत उभं राहून द्यावं लागतं.

चार नगरसेवकांची एक अडचण मात्र खरीच आहे. कोणत्याही गोष्टीला चौघांतला एक म्हणू शकतो की ते दुसरा बघतो आहे. मागच्या खेपेचा अनुभव शेजारच्या वहिनींनी आज सांगितलाच. म्हणून आम्ही ठरवलं की अर्ज एकच लिहायचा, चौघांच्या नावाने, आणि चौघांनाही एकाच दिवशी द्यायचा.

संध्याकाळी आमच्या अंगणात सगळे जमले. खुर्च्या कमी पडल्या, पोरं पायऱ्यांवर बसली. मी लिहीत होते, बाकी सांगत होते. पहिला मुद्दा, गल्लीतल्या प्रत्येक घराच्या ओट्याचं माप अर्जाला जोडायचं, ते उद्या आम्हीच टेप लावून घेऊ. दुसरा, सिमेंट टाकण्याआधी जुनं डांबर खोदून काढावं आणि चेंबरमध्ये घेतलेलं माप मोजमाप वहीत नोंदवावं. तिसरा मुद्दा कोपऱ्यावरच्या मावशींचा होता: नळाची लाइन आणि गडर लाइन आधी तपासून घ्या, रोड झाल्यावर तो फोडायला येऊ नका. चौथा माझ्या मुलीने सुचवला, की काम सुरू होण्यापूर्वी कार्यादेशाची तारीख, रक्कम आणि मुदत लिहिलेला फलक गल्लीच्या तोंडाशी लावावा. शेवटी मी एक ओळ घातली, की या कामासाठी आमच्या भागाची क्षेत्रसभा बोलवावी.

काकाजी म्हणाले, ती ओळ शेवटी नका ठेवू, सगळ्यात वर घ्या. एकदा रोड झाला की कोणी बोलवायचं नाही.

ती ओळ वर घेतली. पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहायला घेते आहे. सह्या उद्या सकाळी, पाणी आलं की सगळे घरी असतात तेव्हा.