खुर्ची खालून बघताना

आमचे अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करतात. सांध्यांवरून बोट फिरवतात, पायांची बुडं बघतात, मग ती सरळ करून तिच्यावर बसतात. मिरजेत त्यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. "वरनं पॉलिश असतंय. काम खालनं कळतं," एवढंच त्यांचं म्हणणं. पुण्यात आता माझा स्वतःचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे आणि ही सवय माझ्याही हाताला लागली आहे.

गेल्या नोव्हेंबरात मावसबहिणीकडे बाझलला गेले होते. डोंगर, चॉकलेट, ऱ्हाईनकाठचे घाट हे सगळं झालंच, पण मला खरी ओढ होती ती सीमेपलीकडच्या वाइल आम ऱ्हाईन या छोट्या जर्मन गावाची. बाझलच्या बाडिशर स्टेशनजवळून ५५ नंबरची बस निघते. मध्ये कुणी पासपोर्ट विचारत नाही की बस थांबवत नाही. देश बदलला हे मला मोबाईलवरच्या मेसेजवरून कळलं. समोर द्राक्षमळ्यांची टेकडी आली आणि थांब्याचं नाव ऐकू आलं : व्हिट्रा.

व्हिट्रा ही खुर्च्या बनवणारी स्विस कंपनी, आणि हा तिचा कारखान्याचा परिसर. १९८१ मध्ये लागलेल्या आगीत इथला बराचसा कारखाना जळून गेला. पुढच्या काळात नव्या इमारतींसाठी वेगवेगळे वास्तुविशारद बोलावले गेले. फ्रँक गेहरीचं पांढरं, वळणावळणाचं संग्रहालय १९८९ चं. झाहा हदीदची बांधून पूर्ण झालेली पहिली मोठी इमारत म्हणजे इथलं १९९३ चं अग्निशमन केंद्र. वास्तुकलेचे विद्यार्थी वह्या घेऊन या इमारतींभोवती बसलेले असतात. मी त्यांना वळसा घालून थेट शाउडेपोकडे गेले. शाउडेपो म्हणजे बघण्यासाठी उघडं ठेवलेलं गोदाम. हेर्झॉग आणि द म्युराँ या बाझलच्याच जोडीने २०१६ मध्ये ते बांधलं. बाहेरून लाल विटांची बिनखिडक्यांची भिंत, आणि प्रत्येक वीट फोडून तिची खडबडीत बाजू पुढे लावलेली. हात लावून पाहण्यासारखी भिंत आहे. मी लावला.

आत हात लावायची सोय नाही. लांबच लांब मांडण्यांवर, एकावर एक थरांत, चारशेहून जास्त खुर्च्या, दिवे आणि इतर फर्निचर ठेवलेलं आहे. आधी जीव थोडा हिरमुसला. इतक्या खुर्च्या, आणि एकही उलटी करता येणार नाही! मग मान वर केली. वरच्या फळीवरच्या खुर्च्या खालून दिसत होत्या. स्क्रू, पट्ट्या, डिंकाच्या रेघा, पायांची बुडं, सगळं. तिथून पुढचे चार तास मी मान वर करूनच फिरले.

सगळ्यात जास्त वेळ थांबले ती थोनेटच्या १४ नंबरच्या खुर्चीपाशी. ही खुर्ची तुम्ही पाहिली आहे. जुन्या इराण्याच्या हॉटेलात गोल पाठीची, वेताच्या विणीची, काळसर लाकडाची खुर्ची असायची, ती याच घराण्यातली. मिरज स्टेशनाजवळच्या एका हॉटेलातल्या अशा खुर्च्या अण्णांकडे दुरुस्तीला यायच्या. १८५९ सालचं हे डिझाइन. मिखाएल थोनेट आधी लाकडाचे पातळ पापुद्रे सरसाने चिकटवून वाकवत असे. पण बोटीतून दमट मुलखात गेलं की ते सुटायचे. (कोकणातल्या एका पावसाळ्यात कपाटाचं विनियर कसं फुगतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.) म्हणून त्याने चिकटवणं सोडलं आणि बीचच्या अखंड दांड्या वाफेवर मऊ करून वाकवायला घेतल्या. लाकूड वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिथेच तडकते. थोनेटने दांडीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट आवळली. मग बाहेरचे तंतू ताणले जाईनात, आतले दाबले गेले. वाफेने मऊ झालेलं लाकूड दाब सोसतं, ताण सोसत नाही. सगळी करामत त्या एका पट्टीत आहे. खुर्चीचे भाग सहा, स्क्रू दहा, नट दोन. सुटी करून भरली तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत.

आणि पाय मोडला तर तेवढाच पाय बदलता येतो. अण्णांनी असे कितीतरी पाय बदलले आहेत. बीच मिळायचं नाही, म्हणून दुसरं लाकूड रंधून, घासून, जमेल तसं वळवून.

पुढे सरकत गेले तशी एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली. फर्निचरमधलं नवं साहित्य फर्निचरवाल्यांनी शोधलेलं नसतंच. ते शेजारच्या कुठल्यातरी धंद्यातून येतं. मार्सेल ब्रॉयरने १९२५ मध्ये वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची केली ती सायकलच्या हँडलवरून सुचून. चार्ल्स आणि रे ईम्स हे नवरा-बायको प्लायवूडला दोन्ही दिशांनी गोलाई द्यायची धडपड लॉस एंजेलिसमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये करत होते. ती तडीला गेली युद्धात, जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या फळ्या करताना. अमेरिकन नौदलाने १९४२ मध्ये त्यांना पाच हजार फळ्यांची पहिली ऑर्डर दिली. पायाच्या पोटरीला बसेल असं प्लायवूड वाकवता आलं, तिथून पाठीला बसेल अशा खुर्चीपर्यंत फार अंतर नव्हतं.

फिनिश वास्तुविशारद अल्वार आल्टोची गोष्ट, मी मिरजेची म्हणून, मला जास्त जवळची. फिनलंडमधल्या पाइमिओ इथल्या क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियमसाठी त्याने वाकवलेल्या प्लायवूडची आरामखुर्ची केली. पोलादी नळीची फॅशन जोरात होती तेव्हा. पण तासन्‌तास पडून राहणाऱ्या रुग्णाच्या अंगाला पोलाद गार लागतं, म्हणून त्याने बर्च लाकूड घेतलं. पाठीचा कल असा धरला की छाती मोकळी होऊन श्वास सोपा व्हावा. सांगली-मिरजेच्या मधे आमच्याकडे वानलेसवाडीचं टीबीचं जुनं सॅनिटोरियम आहे. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले आहे. तिथले रुग्ण कसल्या खुर्च्यांवर बसत असतील, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा त्या जर्मन गोदामात पडला.

गेहरीची १९७२ ची पुठ्ठ्याची खुर्ची छान आहे. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा थरावर थर आडवा-उभा चिकटवलेला. पण माझे पाय अडले ते मार्सेल वांडर्सच्या १९९६ च्या गाठींच्या खुर्चीपाशी. लांबून वाटतं दोऱ्यांचं जाळं आहे, बसलं तर जमिनीला टेकेल. हा दोर म्हणजे आत कार्बनचा तंतू आणि वर अरामिड या चिवट कृत्रिम तंतूची वीण. तो मॅक्रमेच्या गाठींनी विणायचा, इपॉक्सीत, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवायचा आणि चौकटीला टांगून वाळू द्यायचा. विमानाच्या कामाचं साहित्य आणि ऐंशीच्या दशकात आपल्या आया-मावश्या दारातल्या कुंड्यांसाठी घालायच्या त्या गाठी! माझ्या मावशीने घातलेला मॅक्रमेचा झोपाळा अजून आहे. मी मावसबहिणीला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "आईची वीण जास्त सारखी आहे."

व्हर्नर पँटनची खुर्ची सगळ्यांना माहीत असते. एका तुकड्यात वळलेली, मागचे पाय नसलेली, जिभेसारखी. मला तिचा इतिहास अधिक शिकवून गेला. ती १९६७ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टरमध्ये आली, नंतर पॉलियुरेथेनमध्ये, मग १९७१ मध्ये स्वस्त थर्मोप्लास्टिकमध्ये. ते प्लास्टिक उन्हापावसात म्हातारं होऊन तडकू लागलं आणि १९७९ मध्ये उत्पादन बंद करावं लागलं. पुढे पुन्हा सुरू झालं खरं, पण सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी, मुळात पँटनच्या मनात होती तशी साच्यातली खुर्ची पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये निघायला १९९९ साल उजाडलं. पँटन १९९८ मध्येच गेला होता. आकार तयार होता, साहित्य मागून चालत आलं. कारखान्यात कधी एखादं डिझाइन जमत नाही, वाकवलेलं प्लाय मूळपदावर येतं, तेव्हा मी कारागिरांवर चिडते. आता त्या खुर्चीचा फोटो मी भिंतीवर लावला आहे.

खालच्या मजल्यावर साहित्याचे नमुने आणि ते बनवायच्या पद्धती मांडलेला एक भाग आहे. तिथे मला आमच्या कारखान्यामागचा ढीग आठवला. प्लाय, त्यावर चिकटवलेलं लॅमिनेट, कडेला प्लास्टिकची पट्टी. हे तिन्ही एकदा चिकटले की वेगळे होत नाहीत. जुना सागवानी दरवाजा जुन्या बाजारात अजून भाव खाऊन जातो, दहा वर्षांचं मॉड्युलर कपाट मात्र भंगारवालाही उचलत नाही. त्या ढिगाकडे बघताना मला खरोखर वाईट वाटतं, कारण तो मी केलेला आहे.

सध्या जगभर 'नैसर्गिक' फर्निचरची चर्चा आहे. नेदरलँड्समध्ये एरिक क्लारेनबेकने २०१३ मध्ये थ्रीडी प्रिंटरने सांगाडा छापून त्यात गवताच्या भुशावर बुरशी वाढवली आणि तिचे तंतू पसरून खुर्ची घट्ट झाली. वर्नर आइसलिंगरने २०११ मध्ये भांगेचे आणि अंबाडीचे तंतू रेझिनबरोबर साच्यात दाबून खुर्ची केली. अंबाडी! आपण भाकरीबरोबर खातो तीच, आणि जिच्या वाकापासून दोर वळतात तीच. हे प्रयोग मला मनापासून आवडतात. पण अण्णांसारखं खालून बघितलं की एक प्रश्न उरतोच. तंतू आणि रेझिन एकदा एकजीव झाले की पुन्हा सुटे कसे करायचे? साहित्य शेतातून आलं एवढ्याने माझं समाधान होत नाही. ते परत कुठे जाणार हेही डिझाइन करणाऱ्याने ठरवायला हवं. जास्पर मॉरिसनचे कॉर्कचे बुटके स्टूल मला म्हणूनच जास्त पटले. बुचाच्या ओकची साल साधारण नऊ वर्षांनी सोलतात, झाड उभंच राहतं. त्या सालीचा भुगा दाबून ठोकळा करायचा आणि लेथवर कातायचा. आमचे खेळणीवाले पोळपाट कातायचे तसा.

बाहेर आले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पीट आउडोल्फ या उद्यानकाराने आखलेल्या बागेतली झाडं वाळून तपकिरी झाली होती आणि ती तशीच उभी ठेवली होती. तिथून वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आखलेल्या जागेकडे वळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती खुली झाली. त्यांची ही शेवटची कलाकृती, भारताबाहेरची एकुलती एक. नात खुशनू पंथकी हूफ आणि तिचे पती झ्योंके हूफ यांच्याबरोबर त्यांनी ती आखली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ते गेल्यावर या दोघांनी पुरी केली. पोलादी भिंतींमधून एक वळणाची वाट जमिनीत उतरत जाते. आजूबाजूचा परिसर हळूहळू दिसेनासा होतो, वाटेत सूर ऐकू येतात, आणि शेवटी एका शांत जागी एक गाँग, म्हणजे तबकडीसारखी घंटा, आहे. दोशींचा जन्म १९२७ चा, पुण्याचा, आणि त्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून फर्निचरचा धंदा होता. लाकडाच्या भुशात वाढलेला पुण्याचा मुलगा जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या खुर्च्यांच्या आवारात आपली शेवटची वाट आखून गेला. मी तिथे बराच वेळ बसले. कुणीच बोलत नव्हतं.

शेवटचा अर्धा तास व्हिट्राहाउसमध्ये गेला. लांबट घरं एकमेकांवर रचल्यासारखी ही इमारत म्हणजे कंपनीचं दुकान. इथे बसता येतं, हलवता येतं, उलटंही करता येतं. मी सरळ टिप टॉन आरई नावाच्या खुर्चीकडे गेले. मूळ टिप टॉन बार्बर आणि ऑसगर्बी यांची, पुढे झुकून काम करताना तीही आपल्याबरोबर पुढे कलते. ही नवी आवृत्ती जर्मनीतल्या घराघरांतून गोळा केलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची. एकच प्लास्टिक, एकच तुकडा, धातू नाही, स्क्रू नाही. मिरजेत रात्रीचे नऊ वाजत आले होते. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि खुर्ची उलटी केली.

"सांधा कुठंय गं?"

"नाहीच, अण्णा. अख्खी एका साच्यातली."

"मग पाय मोडला तर?"

"पाय नाही बदलता येत. अख्खी दळायची आणि त्याचीच परत ओतायची."

ते थोडा वेळ गप्प होते. मागे आईचा कुकर वाजत होता. मग म्हणाले, "ती करड्या रंगात बारीक बारीक कण कसले दिसतायत?"

"लोकांच्या घरातल्या डब्या-बाटल्या, अण्णा. रंग पूर्ण मिसळत नाहीत, म्हणून तसे दिसतात. त्यांनी ते झाकले नाहीत."

"जरा जवळ धर."

मी मोबाईल जवळ नेला.

"अजून जवळ. खालनं धर, पायाच्या बुडाशी."

मी गुडघ्यावर बसले आणि कॅमेरा इतका जवळ नेला की पडद्यावर फक्त कण उरले.