वजन काट्यावरचं आणि पडद्यावरचं

माणूस 1.8 मीटर उंच धरला, तर 1979 च्या 'गंडम' या जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकेतला लढाऊ रोबॉट, आरएक्स-78-2 गंडम, बरोबर त्याच्या दसपट, म्हणजे 18 मीटर. आता 70 किलोचा माणूस त्याच हिशेबात फुगवून बघा. उंची दसपट, रुंदी दसपट, जाडी दसपट, म्हणजे आकारमान हजारपट आणि वजन 70 टन. मालिकेच्या अधिकृत तक्त्यात मात्र रिकाम्या गंडमचं वजन 43.4 टन आणि पूर्ण सज्ज गंडमचं 60 टन दिलेलं आहे. माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो. त्याच्याहून विरळ भरलेला हा धातूचा राक्षस अटलांटिकमध्ये पडला, तर हातपाय न मारता वर यायला हवा. मालिकेत तो तिथे पाण्याखाली झकास लढतो. आणि बघताना कुणाच्या मनात शंका येत नाही, कारण काट्यावर कितीही भरो, पडद्यावर तो जड वाटतो.

हे जड वाटणं घडवावं लागतं, आपोआप येत नाही. ते न घडवता नुसता 18 मीटरचा आकडा घेतला की काय होतं, त्याचा नमुना म्हणून 'टार्गेट इन साइट' हा गंडमचाच व्हिडिओ गेम जपून ठेवण्यासारखा आहे. नोव्हेंबर 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 या सोनीच्या गेम खेळायच्या यंत्राबरोबरच (कन्सोल) तो बाजारात आला. जपानबाहेर त्याचं नाव 'क्रॉसफायर'. त्याच्या दीड वर्ष आधी, मे 2005 मध्ये, लॉस एंजेलिसच्या ई3 या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सोनीने नव्या कन्सोलची चुणूक म्हणून जे ट्रेलर दाखवले, त्यात गंडमचाही होता. आधी सवडीने रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून चित्रं काढून घेऊन, ठेवलेली ती फिल्म. एकेका फ्रेमला हवा तेवढा वेळ द्यायचा आणि मग सगळ्या सलग चालवायच्या. गेमला एका फ्रेमसाठी सेकंदाचा तिसावा हिस्सा मिळतो. ट्रेलर बघून रांगेत उभ्या राहिलेल्या चाहत्याला हा फरक कुणी समजावून सांगत नसतं.

आता वजनाकडे येऊ. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच, त्यामुळे उंची दसपट झाली की पडायला लागणारा वेळ दसपट होत नाही. दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण 3.16 पट होतो. 1.8 मीटरवरून वस्तू पडायला 0.6 सेकंद लागतात, 18 मीटरवरून 1.9. चालीचंही तेच. माणसाचं पाऊल अर्ध्या सेकंदात पडत असेल, तर गंडमचं पडायला दीड सेकंदाच्या थोडा वर वेळ हवा. सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने या 38 फ्रेम झाल्या. 1979 च्या टीव्ही ॲनिमेत एक चित्र सहसा तीन फ्रेम धरून ठेवायचे, म्हणजे एका पावलाला बारा-तेरा चित्रं. तेवढ्यात भागवायचं.

पण नुसतं 38 फ्रेम ताणलं की झालं, असं नाही. खरी मेख इथेच आहे. पाय उचलताना सावकाश, वर क्षणभर अडखळल्यासारखा, मग खाली येताना वाढत्या वेगाने. टेकला की सगळं दोन-तीन फ्रेम गच्च थांबतं, कॅमेऱ्याला हिसका बसतो आणि धूळ त्यानंतर उठते. पाऊल दूर पडलं असेल तर आवाजही मागून येतो. आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटरच्या आसपास. डोळा ही सगळी बेरीज करतो आणि म्हणतो, आता हे जड आहे. 'टार्गेट इन साइट' बनवणाऱ्यांनी यातलं 'सावकाश' तेवढं उचललं. हात सावकाश, पाय सावकाश, वळणं सावकाश, सगळं एकाच संथ लयीत. त्याने वजन दिसत नाही, आळस दिसतो.

त्यातच फ्रेम गळतात. समोर दोन-तीन झाकू, म्हणजे शत्रूचे रोबॉट, आले, स्फोट झाला, धूर पसरला की चित्र अडखळायला लागतं. सेकंदाला 30 फ्रेम चालत असतील तर एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची, 20 वर घसरल्या तर 50 ची. बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत चारेक फ्रेम जातात असं धरलं, तर 130 मिलिसेकंदांचे 200 होतात. हा वाढीव उशीर हाताला लगेच कळतो. मग रोबॉट जड आहे म्हणून वळत नाहीये की कन्सोल दमलाय म्हणून, हे सांगता येत नाही. एकदा ही शंका आली की बिचाऱ्या ॲनिमेटरने नीट केलेला संथपणाही लॅगच्या, म्हणजे यंत्राच्या उशिराच्या, खात्यात जमा होतो.

सगळा दोष बनवणाऱ्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. प्लेस्टेशन 3 च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि गेमला वापरता येतील असे सहा मदतनीस. प्रत्येक मदतनिसाजवळ स्वतःची फक्त 256 किलोबाइट जागा. कामाचे तुकडे करायचे, तेवढ्या जागेत बसवायचे, आत पाठवायचे, उत्तर बाहेर काढायचं, हे सगळं प्रोग्रॅमरने स्वतः आखायचं. लाँचची तारीख ठरलेली आणि यंत्र नवंकोरं. अशा वेळी मुख्य गाभ्यावरच सगळा भार टाकून मोकळं व्हायचा मोह कुणालाही होईल. शिवाय त्या वेळचा सिक्सॲक्सिस कंट्रोलर थरथरत नव्हता. साठ टनांचं पाऊल पडतंय आणि तळहात ढिम्म! थरथरणारा ड्युअलशॉक 3 जपानमध्ये आला तो 2007 च्या नोव्हेंबरात.

कॅमेऱ्याची चूक मात्र अक्षम्य. तो रोबॉटच्या मागे, त्याच्याच खांद्याच्या उंचीवर. तिथून 18 मीटरचा गंडम आणि पावणेसहा फुटांचा शिपाई सारखेच दिसतात. त्यात भोवताली उघडी माळरानं आणि खडक. खडक कुठल्याही मापाचा असू शकतो, त्याच्याशी तुलना करून डोळ्याला काही कळत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत मूर्ती सगळ्यात उंच कधी वाटते? कार्यकर्ता बांबूने वरची वायर उचलून धरतो तेव्हा. गंडमलाही तशी एक वायर हवी होती. एखादा विजेचा खांब, उभा ट्रक, गुडघ्याशी पळणारा माणूस.

चाहत्यांना सलणारी आणखी एक गोष्ट आहे, ती जरा किचकट. या जगात मुळात रोबॉट कशासाठी, याचं कारण दिग्दर्शक तोमिनो यांच्या मालिकेने पक्कं बांधलेलं आहे. मिनोव्स्की कण (मालिकेतले काल्पनिक कण) पसरले की रडार आंधळं होतं, दुरून क्षेपणास्त्रं डागता येत नाहीत, म्हणून डोळ्याने बघून जवळून लढायचं. आणि गंडमचे बहुतेक गेम सुरू केले की कोपऱ्यात काय? टुकटुकणारं रडार, आणि झाकूवर आपोआप चिकटणारा नेम. खेळणं सोपं व्हावं म्हणून हे करतात, मान्य. पण मग ज्या घुसमटीवर ती मालिका उभी आहे तीच निघून जाते.

एक कल्पना या गेममध्ये खरंच चांगली होती: अवयवागणिक नुकसान. हात तुटला की त्या हातातलं शस्त्र गेलं, पाय निकामी झाला की चाल बिघडली. मालिकेच्या 43 व्या, शेवटच्या भागात गंडमचं डोकं उडतं आणि डावा हात जातो, तरी त्याचा चालक आमुरो लढत राहतो. डोक्यात फक्त मुख्य कॅमेरा, चालक बसतो पोटात. ते बघितलेल्या माणसाला असा लंगडा, थोटा रोबॉट हाकायला मिळणं ही मेजवानीच. पण लंगडेपणा जाणवायला आधी धड चाल जाणवावी लागते.

गंमत म्हणजे वजन जाणवून देण्याचा हा प्रश्न पाच वर्षं आधीच सुटलेला होता. कॅपकॉमने 2001 मध्ये आर्केडसाठी केलेल्या फेडरेशन विरुद्ध झिऑन (मालिकेतले लढणारे दोन पक्ष) या गंडमच्याच गेमात रोबॉट चांगले चपळ आहेत, बूस्ट मारून, म्हणजे इंजिनाचा जोर लावून, उड्या मारतात. वजन तिथे नियमात आहे. बूस्ट संपवून जमिनीवर उतरलं की यंत्र क्षणभर ताठरतं आणि त्या क्षणात काहीही करता येत नाही. बूस्ट जितका जास्त जाळला, तितकं हे ताठरणं लांबतं. म्हणून मुरलेले खेळाडू हवेतल्या झाकूवर गोळी वाया घालवत नाहीत. तो उतरायची वाट बघतात, पाय टेकले की मारतात, आणि स्वतः मात्र उतरायला आधी इमारतीची आड शोधतात.