भिंत धुवायला तीस हजार रुपये

आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेने एप्रिलमध्ये मला एक पत्र पाठवले. आपल्या घराच्या उत्तरेकडील साइडिंगवर, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणावर, 'जैविक वाढ' आढळली असून ती तीस दिवसांच्या आत काढून टाकावी, अन्यथा दंड आकारण्यात येईल, असा त्यातील मजकूर होता आणि पुराव्यादाखल माझ्याच भिंतीचा रंगीत फोटो जोडलेला होता. माझे बालपण रत्नागिरीत गेले. मध्य न्यू जर्सीत वर्षभर मिळून जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून अधिक तिकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोसळतो, आणि गडग्यावर शेवाळ चढले म्हणून कोणी कोणाला नोटीस पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्या पत्राने माझे डोके किती फिरले, हे येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. घर माझे, कर्ज माझे, मालमत्ता कर मी भरतो; तरीही दाराला कोणता रंग द्यावा, झाडांच्या बुंध्याशी कोणत्या रंगाचा भुसा पसरावा आणि कचऱ्याचे डबे किती वाजल्यानंतर रस्त्याच्या कडेला आणावेत, हे सारे संघटना ठरवते. अंगणात दोरी बांधून कपडे वाळत घालण्याचीही सोय नाही. पुण्यातील आमच्या सोसायटीतही गॅलरीतल्या कुंड्यांवरून पत्रे येत, हे मी विसरलेलो नाही; परंतु त्याच सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचे काळे ओघळ वर्षानुवर्षे तसेच राहिले, कारण ती भिंत कोणा एकाची नव्हती. येथे निदान भिंत कोणाची याबद्दल वाद नाही, एवढे मी संघटनेच्या बाजूने मान्य करतो. भिंतीचा फोटो काढण्यासाठी माझ्या अंगणात कोण शिरले होते, हा प्रश्न मात्र मी अजून सोडलेला नाही.

शेवटी एका व्यावसायिकाला बोलावले. प्रचंड दाबाचा फवारा मारून तो तासाभरात भिंत खरवडून देईल अशी माझी कल्पना होती, पण त्याच्या कामात दाबाला जवळजवळ स्थानच नव्हते. आल्याबरोबर त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि दक्षिणेकडच्या भिंतीवरून तळहात फिरवून मला दाखवला. त्यावर खडूसारखी पांढरी भुकटी आली होती. उन्हाने या प्लास्टिकचा, म्हणजे व्हिनाइलचा, वरचा थर जुना झाला की ही भुकटी सुटते, आणि अशा भिंतीवर जोराचा झोत मारला तर पट्टे उमटतात ते कायमचे, असे त्याने सांगितले. मग सर्व खिडक्या बंद असल्याची खात्री करून घेतली, दारावरची घंटा व बाहेरचे विजेचे सॉकेट चिकटपट्टीने झाकले आणि भिंतीलगतची हायड्रेंजियाची झुडपे साध्या पाण्याने चिंब भिजवली. आधीच पाणी प्यायलेली झाडे रसायन कमी शोषतात, हे त्यामागचे कारण.

रसायन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरातल्या ब्लीचमधलाच घटक. व्यावसायिकांकडे ते साधारण साडेबारा टक्के तीव्रतेचे मिळते आणि भिंतीवर पोहोचेपर्यंत एक टक्क्याच्या आसपास उतरवले जाते. ते घसरून न जाता चिकटून राहावे म्हणून त्यात थोडा साबण मिसळतात. हे मिश्रण त्याने खालून वर लावत नेले, कारण वरून सुरुवात केली तर कोरड्या, मळक्या भिंतीवर ओघळ येऊन त्यांचे डाग पडतात. नंतर तो काहीही न करता उभा राहिला. मी डोळ्यांनी पाहत होतो, हिरवा थर आधी तपकिरी झाला आणि मग फिकट पडत नाहीसा होऊ लागला. सात-आठ मिनिटांनी त्याने वरून खाली, साध्या पाण्याने, हलक्या हाताने भिंत धुतली आणि झुडपांवर पुन्हा पाणी सोडले. या पद्धतीला येथे सॉफ्ट वॉशिंग म्हणतात. दाबाने शेवाळ नुसते खरवडले जाते आणि चिवट अंश मागे राहून पुन्हा वाढतो. रसायनाने तो मरतो.

दाब का नको, हे समजण्यासाठी येथील घराची भिंत समजून घ्यावी लागते. आतमध्ये लाकडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्यांचे आवरण, त्यावर पाणी अडवणारा पातळ कागद आणि सर्वांत बाहेर पीव्हीसीच्या आडव्या पट्ट्या. या पट्ट्या ठोकून घट्ट बसवलेल्या नसतात, तर खिळ्यांवर सैलसर टांगलेल्या असतात. कारण सुमारे बारा फुटांची एक पट्टी थंडी-उन्हाच्या फरकाने अर्ध्या इंचाहून अधिक लांबते वा आखडते. प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात, आत शिरलेले पाणी निथळण्यासाठी. दुकानात मिळणारी साधी यंत्रे चौरस इंचाला २,००० ते ३,००० पौंड दाब देतात. तसा झोत खालून वर मारला की पाणी पट्ट्यांमागे शिरते, लाकडात मुरते आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या भिंतीच्या आत बुरशी धरते. आमच्या चिऱ्याच्या भिंतीवर कसलाही झोत मारा, तिला काही होणार नाही, असे त्याला सांगण्याचा मोह मला झाला. मात्र त्याच भिंतींना दर पावसाळ्याआधी झापांची झड बांधावी लागे, हेही मग सांगावे लागले असते.

जवळच्या जुन्या गावांत लाकडी भिंतींची घरे आहेत, तेथे काळजी आणखी वेगळी. अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरावर दाबाने पाणी मारले तर शिसेयुक्त रंगाच्या खपल्या मुले खेळतात त्या मातीत पडतात. धुण्याचे पाणीही कोठेही सोडून चालत नाही. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या झाकणावर माशाचे चित्र असते, कारण ते पाणी शुद्धीकरण केंद्रात न जाता थेट ओढ्याला मिळते. ही काळजी मला मनापासून आवडली, आणि आमच्या गावातील पऱ्ह्यांची आजची अवस्था आठवून संकोचही वाटला.

एक गोष्ट मात्र त्या व्यावसायिकालाही जमली नाही. जोत्यालगतच्या पट्ट्यांवर डांबराच्या थेंबांसारखे बारीक काळे ठिपके होते. झाडांखाली पसरलेल्या लाकडी भुशात वाढणारी एक बुरशी आपली बीजुके फुटांच्या अंतरावर, उजेडाच्या दिशेने उडवते आणि ती फिकट भिंतीवर जाऊन चिकटतात. ती ब्लीचने जात नाहीत. नखाने एकेक खरवडली तरी खाली तपकिरी डाग राहतो. म्हणजे ज्या भुशाचा रंगसुद्धा संघटनेने ठरवून दिला आहे, त्याच भुशातून हा प्रसाद येतो.

या सगळ्याचे साडेतीनशे डॉलर झाले. फोनवर दादाने लगेच हिशोब केला, "अरे, भिंत धुवायला तीस हजार रुपये? तेवढ्यात आपल्या घराचा दर्शनी भाग रंगवून होतो." होत असेल, परंतु व्हिनाइलला रंगाचा खर्च नाही, आणि तिकडे दर काही वर्षांनी निघणाऱ्या रंगाच्या खर्चात माझाही वाटा असतो, हे मी त्याला तेव्हा बोललो नाही. शेजारचे गृहस्थ भाड्याचे यंत्र आणून स्वतःच धुतात आणि त्यांच्या भिंतीवरचे पट्टे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतात.

पुढच्या वर्षी खालचा मजला मी स्वतः करणार आहे. व्हिनाइल साइडिंगच्या उत्पादकांची संस्था त्यासाठी सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के पांढरे व्हिनेगर सुचवते, सोबत लांब दांड्याचा मऊ ब्रश. हे व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. वरच्या मजल्यासाठी त्या व्यावसायिकालाच बोलावीन, कारण शिडीवर उभे राहून फवारणीचा पाइप सांभाळणे या वयात मला परवडणारे नाही, आणि दादाला परवडते की नाही हे विचारण्याचे मी टाळले आहे.