गुहागरहून रत्नागिरीच्या विज्ञान प्रदर्शनाला: रस्ता, पाणी आणि टेम्पोचे भाडे

प्रदर्शनाच्या सूचनापत्रात प्रत्येक टेबलाजवळ वीज आणि पाण्याची सोय असल्याचे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात चार टेबलांसाठी विजेचा एकच बोर्ड होता आणि पाण्याचा नळ तळमजल्यावर, तर आमचे टेबल पहिल्या मजल्यावर होते. आमच्या नववीच्या मुलांची प्रतिकृती समुद्राच्या लाटांपासून वीज मिळवण्याची होती. तिची अ‍ॅक्रिलिकची टाकी तीन फूट लांब आणि एक फूट रुंद असून तिच्यात अर्धा फूट पाणी लागते. म्हणजे सुमारे ४२ लिटर पाणी बादल्यांनी जिना चढवावे लागले. पाण्यावर चालणारी प्रतिकृती घेऊन जाणार असाल, तर आदल्या दिवशी फोन करून ‘नळ कोणत्या मजल्यावर आहे?’ असे नेमके विचारा. ‘पाणी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे ‘आहे’ असेच मिळते.

तवसाळहून जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडण्याचा भाग सोपा आहे. वाहन बोटीवर चढवताना टाकी हाताने धरून ठेवली की पुरते. खरा त्रास जाकादेवीच्या पुढे निवळी फाट्यापर्यंत झाला. या रस्त्याने बंदराकडे ये-जा करणारी अवजड वाहने सतत चालू असतात. आम्ही गेलो तेव्हा ठिकठिकाणी डांबर उखडलेले होते आणि वळणांवर ट्रकला वाट देण्यासाठी टेम्पो वारंवार कडेच्या खडीत उतरवावा लागत होता. अ‍ॅक्रिलिकचे तक्ते क्लोरोफॉर्मने जोडलेले होते. असा सांधा सरळ ताण बऱ्यापैकी सोसतो, पण सततच्या हादऱ्यांनी कोपऱ्यातून सुटतो, आणि आमचा तसाच सुटला. मुक्कामी पोहोचून चाचणीसाठी पाणी भरल्यावर डाव्या कोपऱ्यातून केसाएवढी धार लागली. सोबत सिलिकॉन सीलंटची नळी होती म्हणून निभावले. सीलंट ओल्या पृष्ठभागाला धरत नाही. म्हणून टाकी रिकामी करून, कोपरा कोरड्या फडक्याने पुसून, आतून जाड थर दिला आणि रात्रभर तशीच ठेवली. हा सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे किनाऱ्यावरची दमट हवा इथे उपयोगी पडते. मात्र त्याला वेळ द्यावाच लागतो. त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पोहोचण्याचा बेत मुळीच करू नका.

चिकटवलेली किंवा काचेची कोणतीही प्रतिकृती असेल, तर हा पट्टा टाळा, असे माझे ठाम मत आहे. परतताना आम्ही आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड असे किनाऱ्याने आलो. चढउतार अधिक आहेत, वेळही जास्त लागतो, पण टाकीला धक्का लागला नाही.

टेम्पोवाल्याने ठरलेल्या रकमेवर फेरीबोटीचे भाडे, थांबण्याचे पैसे आणि सामान उतरवण्याची मजुरी असे तीन वेगळे आकडे परतीच्या दिवशी सांगितले. सामान तर मुलांनीच उतरवले होते. मुले गाडीत बसलेली असताना वाद घालता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. त्यामुळे जाणे, येणे, थांबणे आणि फेरीबोट हे चारही शब्द निघण्यापूर्वीच कागदावर लिहून सही घ्या. इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या विद्यार्थ्यांसाठीच्या विज्ञान योजनेचे १० हजार रुपये विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात, परंतु ते प्रतिकृतीतच बहुतांशी संपतात. वाहनाच्या खर्चाची तरतूद शाळेने किंवा पालकांनी आधी करावी.

परीक्षकांपुढचा तास मात्र या सगळ्या शिणवट्याची भरपाई करणारा ठरला. लाट वर आली की प्रतिकृतीच्या बंद कप्प्यातली हवा बाहेर ढकलली जाते आणि लाट ओसरली की हवा आत ओढली जाते. तरीही वेल्स टर्बाइन, म्हणजे या हवेने फिरणारे पात्यांचे चाक, दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरते. याच पद्धतीचा १५० किलोवॉटचा प्रकल्प केरळात विळिंजमला १९९१ साली उभा राहिला होता. पाती सावरीच्या हलक्या लाकडातून मुलांनीच तासली होती. सुरुवातीला चाकाला बोटाने टिचकी द्यावी लागते, हे पाहून परीक्षकांनी कारण विचारले. आमच्या गटातल्या मुलीने सांगितले की पाती दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची असल्यामुळे चाक थांबलेले असताना हवेचा रेटा त्याला पुरेसा फिरवू शकत नाही, आणि वेग आल्यावर मात्र ते चालू राहते. उत्तर पाठ केलेले नव्हते, हे परीक्षकांना लगेच कळले आणि पुढचे प्रश्न त्यांनी तिलाच विचारले. तेव्हा मुलांकडून भाषण घोकून घेऊ नका. प्रतिकृतीत काय बिघडते आणि का बिघडते, एवढे त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

सोबत पाच मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड, सीलंट, कोरडी फडकी, झाकणाच्या दोन बादल्या आणि टाकीखाली घालायला जुनी गादी न्या. पाणी भरताना टेबलाचे पायही तपासा. आम्हाला मिळालेले टेबल ४२ किलो पाण्याखाली डगमगत होते, म्हणून शेवटी टाकी दोन बाकांवर मांडली.