कूलरचा रंग आणि पिकासो

आम्ही नागपूरकर, अंबाझरीच्या काठावर उभं राहून समुद्र पाहिल्याचं समाधान मानणारी माणसं, त्यामुळे फ्रान्समधल्या आंतीबला थेट पाण्यावर उभा असलेला किल्ला पाहून बाबा आधी गप्पच झाले. मग म्हणाले, "रोज उघडा राहते का हा?" आपला सीताबर्डीचा किल्ला 26 जानेवारी, 15 ऑगस्ट असे मोजके दिवस सोडले तर खालूनच बघायचा, म्हणून.

किल्ला ग्रिमाल्दी घराण्याचा, गावाने तो 1925 ला विकत घेऊन म्युझियम केलं. 1946 च्या सप्टेंबरात तिथल्या क्युरेटरने पिकासोला वरचा हॉल कामाला दिला, युद्ध नुकतं संपलेलं, कॅनव्हास मिळेना, धड रंग मिळेना, तर या गड्याने बोटींना मारायचा रंग आणला आणि प्लायवूड नाहीतर सिमेंटच्या शीटवर दोन महिने चित्रं काढत बसला. जाताना 23 चित्रं आणि 44 ड्रॉइंग्ज तिथेच ठेवून गेला. 1966 पासून म्युझियमला नावही त्याचंच.

हे सगळं मी बाबांना सांगायच्या आधीच ते 'जगण्याचा आनंद' नावाच्या अडीच मीटर लांब चित्रापुढे वाकलेले. मधे नाचणारी बाई, बाजूला उड्या मारणाऱ्या बकऱ्या, कोणी बासरी वाजवतंय. बाबांचं लक्ष भलतीकडेच.

"हे तं सिमेंटचं शीट आहे न बे, आपल्या गच्चीवरच्या खोलीचं!"

बरोबर होतं. दर मार्चला कूलर खाली उतरवून, ताट्या बदलून, उरलेल्या डब्यातला ऑइलपेंट मारणारा माणूस तो, आमच्याकडे कूलर, गेट, बाथरूमचं दार आणि सायकलचं कॅरियर सगळं एकाच हिरव्या रंगात आहे. त्या क्षणापासून पिकासो त्यांना मोठा चित्रकार कमी आणि आपल्यातला माणूस जास्त वाटायला लागला. प्रायमर मारला असेल का, शीट रंग पीत असेल न, ब्रश कशात धूत असेल, असे प्रश्न. मला एकाचंही उत्तर येईना. टेरेसवर जर्मेन रिशिएचे काडीसारखे पुतळे उभे होते, त्यांच्याकडे बाबांनी पाहिलं आणि सावली पडत नाही म्हणून आत आले.

काल कूलर खाली काढलाय. अर्ध्यावर थांबून, हिरवे हात तसेच धरून, त्यांनी आतल्या खोलीकडे आवाज दिला, "ते बकऱ्यांचं पोस्टकार्ड कुठे ठेवलं बे?"